एकट्यापुरता सफरचंदाचा पाय

‘पाय’ हा शब्द मराठीत लिहिला की डोळ्यांपुढे आधी भलतेच काही उभे राहते, पण या पदार्थाला दुसरे सुटसुटीत नाव रूढ झालेले नाही, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे. मैदा आणि बटर यांच्या खुसखुशीत पारीत फळांचे सारण भरून, वरून दुसऱ्या पारीचे झाकण घालून तो ओव्हनमध्ये भाजतात. नेहमीचा पाय आठ जणांना पुरेल एवढा असतो. घरात खाणारे माणूस एकच असेल तर तो तीन दिवस उरतो आणि दुसऱ्या दिवशीच त्याचा तळ मऊ पडतो. त्यापेक्षा दहा सेंटिमीटर व्यासाच्या लहान साच्यात एकट्यापुरता पाय करणे शहाणपणाचे. मात्र मोठ्या पायच्या कृतीतील प्रत्येक आकड्याला पाचाने भागले की लहान पाय होतो, अशी समजूत असेल तर ती आधीच सोडून द्यावी. मी सुरुवातीला तेच केले होते. तीनदा तसे करून तीनदा फसल्यावर लक्षात आले की पाय लहान केला तरी त्यातील काही गोष्टी लहान होत नाहीत.

त्या गोष्टी कोणत्या, हे एकदा कळले की पुढची सगळी कृती सोपी जाते. नेहमीच्या तेवीस सेंटिमीटरच्या साच्याच्या तुलनेत दहा सेंटिमीटरच्या साच्याच्या तळाचे क्षेत्रफळ जवळजवळ एक पंचमांश असते, पण परीघ निम्म्याहून थोडाच कमी भरतो. म्हणजे लहान पायमध्ये फळांच्या मानाने कडा फार, आणि म्हणून पीठही हिशेबापेक्षा थोडे जास्त लागते. पारीची जाडी तीन मिलिमीटरच राहते, कारण त्याहून पातळ पारी सारणाच्या ओलाव्यापुढे टिकत नाही. भाजण्याचा वेळही पाचपटीने कमी होत नाही. मोठ्या पायला तासभर लागत असेल तर लहानाला पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतातच. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे चूक लहान होत नाही. मोठ्या कणकेत चमचाभर पाणी जास्त पडले तर ते खपून जाते, पण येथे सगळे मिळून चार चमचे पाणी लागत असल्याने एक चमचा म्हणजे पाव हिश्श्याचा फरक. यासाठी ग्रॅम दाखवणारा वजनकाटा जवळ असावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की हलक्या हाताने भरला, यावरून त्याच्या वजनात सहज पाचव्या हिश्श्याचा फरक पडतो.

साचा दहा सेंटिमीटर व्यासाचा आणि अडीच सेंटिमीटर खोलीचा, शक्यतो पातळ धातूचा घ्यावा. धातू लवकर तापतो आणि तळाची पारी वेळेत भाजली जाते. चिनी मातीचे भांडे दिसायला सुंदर असले तरी ते सावकाश तापते. काचेच्या भांड्यातून तळाचा रंग दिसतो हा मोठा फायदा आहे, पण फ्रिजमधून काढलेले गार भांडे थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्यास ते तडकू शकते, आणि आपल्या कृतीत पाय गारच ओव्हनमध्ये जाणार आहे. पारीसाठी ७० ग्रॅम मैदा, ४५ ग्रॅम बिनमिठाचे बटर, चिमूटभर मीठ, अर्धा चहाचा चमचा साखर आणि १५ ते २० मिलिलीटर बर्फाचे पाणी घ्यावे. सारणासाठी साधारण १८० ग्रॅमचे एक सफरचंद, २० ग्रॅम साखर, एक चहाचा चमचा लिंबाचा रस, एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, पाव चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ आणि ५ ग्रॅम बटर लागेल. वरून लावायला चमचाभर दूध पुरे.

प्रथम बटरचे एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून ते दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावेत. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बटरमध्ये सुमारे सोळा टक्के पाणी असते. पारीत बटरचे छोटे छोटे कण अखंड राहिले तर ओव्हनच्या उष्णतेने ते वितळतात, त्यांच्यातील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलते. खुसखुशीतपणा येतो तो असा. बटर हातातच वितळले तर ते मैद्यात मुरते, कण उरत नाहीत आणि पारी बिस्किटासारखी एकसंध होते. बटर साधारण बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणजे आपल्या तळहाताची ऊबही त्याला पुरते. त्यातून सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा छोटा गोळा मोठ्या गोळ्यापेक्षा कितीतरी लवकर तापतो. म्हणून येथे काम झटपट आणि केवळ बोटांच्या टोकांनी करायचे.

मैदा, मीठ आणि साखर एका रुंद वाडग्यात एकत्र करून त्यात बटरचे तुकडे टाकावेत. प्रत्येक तुकडा मैद्यात घोळवून अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये दाबून चपटा करावा, मग मिश्रण हलकेच वर उचलून पुन्हा वाडग्यात सोडत चोळावे. मोहन चोळताना पिठाचा सर्वत्र सारखा मुटका वळावा अशी आपल्या हाताला सवय असते, ती येथे आवरावी लागते. बरेचसे मिश्रण रवाळ झाले आणि त्यात हरभऱ्याच्या डाळीएवढे पांढरट-पिवळे कण मधूनमधून दिसू लागले की थांबावे. दोन मिनिटांत एवढे होते. मध्येच बटर चकाकू लागले, बोटांना तेलकटपणा जाणवला, तर वाडगा तसाच पाच मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून द्यावा.

आता पाणी. ते ओतू नये; चहाच्या चमच्याने, तेही एकेक चमचा, मिश्रणावर सगळीकडे शिंपडावे आणि प्रत्येक चमच्यानंतर काट्याच्या चमच्याने खालीवर करावे. तीन चमच्यांनंतर मूठभर मिश्रण दाबून पाहावे. ते मुठीत एकत्र राहिले आणि बोटाने टोचल्यावर मोठ्या ढेकळांत फुटले तर पाणी बरोबर झाले. फुटताना कोरडी भुकटी गळत असेल तर चौथा चमचा घालावा, पण तोही थेंबाथेंबाने. मिश्रण बोटांना चिकटू लागले तर मात्र पाणी जास्त झाले आहे, आणि वरून मैदा भुरभुरून ते पुरते सुधारत नाही. पाणी आणि मैदा एकत्र आले की ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिनांचे जाळे, तयार होते, आणि पाणी व मळणे जितके जास्त तितके ते चिवट होते. म्हणून हे पीठ मळायचे नसते, केवळ गोळा करायचे असते. त्याचे दोन भाग करावेत, एक ९० ग्रॅमचा तळासाठी आणि दुसरा उरलेला, सुमारे ४५ ग्रॅमचा, झाकणासाठी. दोन्हींच्या जाडसर चकत्या करून, गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाव्यात. मोठ्या गोळ्याला तास-दोन तास लागतात, पण एवढीशी चकती अर्ध्या तासात आतपर्यंत गार होते. लहानपणाचा असा एखादा फायदाही आहे. या विश्रांतीत पाणी पिठात सारखे मुरते आणि ताणलेले ग्लूटेन सैल पडते, त्यामुळे पारी लाटताना मागे खेचली जात नाही.

तोवर सारणाकडे वळावे. सफरचंद आंबटसर आणि घट्ट गराचे निवडावे. ग्रॅनी स्मिथ ही हिरवी जात शिजल्यावरही फोडींचा आकार राखते, म्हणून ती या कामी चांगली. पिठूळ गराच्या सफरचंदाचा लगदा होतो. साल आणि बियांचा भाग काढल्यावर साधारण १३० ग्रॅम गर हाती येतो. त्याच्या अर्धा सेंटिमीटर जाडीच्या फोडी कराव्यात आणि प्रत्येक फोड मध्ये आडवी कापावी, कारण लांब फोडी या छोट्या साच्यात नीट बसत नाहीत, मध्ये पोकळ्या राहतात आणि पारी फाटण्याचा धोका वाढतो.

मोठ्या पायमध्ये बरेचदा कच्चीच फळे साखर आणि कॉर्नफ्लोअर लावून भरतात आणि ती ओव्हनमध्ये शिजतात. लहान पायमध्ये सारण आधी शिजवून घेणेच योग्य, असे माझे ठाम मत आहे. एक तर कॉर्नफ्लोअर दाट होण्यासाठी रस उकळून बुडबुडे यावे लागतात, आणि लहान पायमध्ये सारण उकळायच्या आधीच कडा करपू शकतात. दुसरे असे की कच्च्या फोडी शिजल्यावर आकसतात, झाकण मात्र आधीच टणक झालेले असते, त्यामुळे आत मोठी पोकळी राहते आणि सुरी लावताच झाकण खाली कोसळते. मोठ्या पायमध्ये ही पोकळी निदान झाकली तरी जाते. येथे सगळे मिळून चार-पाच घासांचे सारण, त्यात पोकळीच जास्त भरते.

छोट्या पातेल्यात ५ ग्रॅम बटर वितळवून त्यात फोडी, साखर, मीठ आणि लिंबाचा रस घालावा. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर सहा ते आठ मिनिटे शिजू द्यावे. आच मंद ठेवण्याला कारण आहे: साठ ते सत्तर अंशांच्या टप्प्यात सफरचंद काही वेळ राहिले की त्यातील पेक्टिन, म्हणजे फळाचा गर बांधून ठेवणारा घटक, अधिक घट्ट होते आणि पुढे भाजतानाही फोड मोडत नाही. मोठ्या आचेवर हा टप्पा क्षणात ओलांडला जातो. साखर फळातील पाणी बाहेर ओढते, त्यामुळे पातेल्यात दोन-तीन चमचे रस दिसू लागेल. फोडी कडांना किंचित पारदर्शक दिसल्या, वाकवल्यावर वाकल्या पण तुटल्या नाहीत, की झाकण काढावे. कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून त्यात ओतावे, हलवत राहावे आणि रसाला बुडबुडे आल्यानंतर मिनिटभर शिजवावे. आधी दुधाळ दिसणारा रस या मिनिटात चकचकीत आणि पारदर्शक होतो, आणि चमच्याच्या पाठीवर बोट फिरवले की रेघ तशीच राहते. दालचिनी आता घालावी. चव पाहून साखर कमी-जास्त करण्याची हीच वेळ आहे. सारण ताटलीत पसरून पूर्ण गार करावे. कोमट सारण भरण्याचा मोह होतो, पण त्याने तळाच्या पारीतील बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळते आणि आतापर्यंत सांभाळलेले सगळे कण वाया जातात.

सफरचंदाऐवजी नासपती घेतल्यास कृती तीच राहील, शिजण्याचा वेळ तेवढा एक-दोन मिनिटांनी कमी करावा. पीच, आलुबुखार, चेरी किंवा स्ट्रॉबेरी ही रसदार फळे असतील तर १५० ग्रॅम फळाला दोन चमचे कॉर्नफ्लोअर लागेल. ही फळे सगळी शिजवली तर मुरंबा होतो. त्यातील तिसरा हिस्सा साखर आणि कॉर्नफ्लोअर यांच्यासह शिजवून दाट करावा आणि गार झाल्यावर उरलेली कच्ची फळे त्यात मिसळावीत.

पारी लाटण्याआधीच ओव्हन दोनशे अंशांवर लावून द्यावा, आणि त्यात खालच्या कप्प्यावर एक जाड ट्रे तापत ठेवावा. ओव्हन तापल्याचा दिवा लागला तरी ट्रे पुरता तापायला आणखी दहा मिनिटे जातात. हा तापलेला ट्रे म्हणजे तळ भाजला जाण्याची निम्मी हमी आहे. पंख्याचा ओव्हन असेल तर सर्व तापमाने वीस अंशांनी कमी धरावीत.

मोठी चकती फ्रिजमधून काढून दोन-तीन मिनिटे थांबावे, नाहीतर लाटताना कडांना चिरा पडतात. पोळपाटावर मैदा भुरभुरून, लाटणे मध्यातून बाहेरच्या दिशेने फिरवत आणि चकती दर वेळी थोडी वळवत सतरा सेंटिमीटर व्यासाची पारी लाटावी. जाडीचा अंदाज येत नसेल तर दोन नाणी एकावर एक ठेवून पाहावी. साधारण तेवढी जाडी हवी. पारीत बटरचे लांबट पट्टे दिसले तर काम उत्तम झाले आहे असे समजावे. ती लाटण्यावर गुंडाळून साच्यावर सोडावी आणि कडा उचलून उचलून कोपऱ्यात उतरवावी. कोपऱ्यापर्यंत पोचत नाही म्हणून बोटाने ताणून बसवलेली पारी भाजताना आकसून खाली घसरते. लहान साच्याचा कोपरा तीव्र असल्याने ही चूक येथेच सर्वाधिक होते. तळावर बिस्किटाचा चमचाभर चुरा पसरला तर तो उरलासुरला ओलावा शोषून घेतो. मग गार सारण भरावे, मध्ये थोडे उंच.

धाकट्या चकतीची बारा सेंटिमीटरची पारी लाटावी. खालच्या पारीच्या कडेला बोटाने पाणी लावून वर झाकण ठेवावे, दोन्ही कडा दाबाव्यात आणि साच्याबाहेर अर्धा सेंटिमीटर ठेवून जादा भाग कातण्याने किंवा सुरीने कापून टाकावा. ही कड आत दुमडून मुरड घालावी, किंवा तेवढा उत्साह नसेल तर काट्याच्या चमच्याने दाबून नक्षी करावी. मुरड फार जाड होऊ देऊ नये, कारण एवढ्या लहान पायमध्ये जाड कड म्हणजे प्रत्येक घासात नुसते पीठ. झाकणावर मध्यभागी दोन-तीन सेंटिमीटरच्या तीन चिरा द्याव्यात. त्या वाफेसाठी असतात. त्या नसतील तर वाफ स्वतःच वाट काढते, आणि तीही कडेच्या जोडातून. तयार पाय पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून, मग दूध लावून, चिमूटभर साखर भुरभुरून तापलेल्या ट्रेवर ठेवावा.

पहिली पंधरा मिनिटे दोनशे अंश ठेवावेत, म्हणजे बटर वितळून वाहण्याआधी पारी आकार धरते. नंतर तापमान १८० वर आणून आणखी वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. लहान ओव्हनमध्ये वरची कांडी पायच्या फार जवळ असते, त्यामुळे मुरड लवकर काळवंडते; तसे दिसताच ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा वरून सैलसर टाकावा. घड्याळापेक्षा खुणांवर विश्वास ठेवावा. रंग फिकट सोनेरी झाला की बहुतेक जण पाय बाहेर काढतात आणि तिथेच तळ कच्चा राहतो. गडद बदामी रंग येऊ द्यावा आणि चिरांमधून दाट रस सावकाश, जड बुडबुड्यांनी उकळताना दिसू द्यावा. पातळ रस भराभर उकळत असेल तर आणखी पाच मिनिटे लागतील.

ओव्हन नसून एअर फ्रायर असेल तर उष्णता वरून येते आणि तळ मागे राहतो. अशा वेळी तळाच्या पारीचा हट्ट सोडून, ओव्हनला चालेल अशा वाटीत सारण भरून त्यावर फक्त झाकणाची पारी बसवावी आणि १७० अंशांवर वीस मिनिटे भाजावी. चव तीच मिळते आणि पीठही तिसरा हिस्साच लागते. साध्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र पारी खुसखुशीत होत नाही, तो प्रयत्न करू नये.

भाजलेला पाय जाळीवर किमान चाळीस मिनिटे थांबवावा. कॉर्नफ्लोअरने दाट झालेला रस गार होतानाच खरा बसतो. आधी कापला तर तो ताटभर पसरतो. आतले सारण बराच वेळ जीभ भाजण्याइतके गरम असते, हेही लक्षात ठेवावे. एकट्यानेच खायचे असल्याने साच्यातच चमचा घालून खाण्याची मुभा आहे, आणि तसे असेल तर वीस-पंचवीस मिनिटांनी सुरुवात केली तरी बिघडत नाही.

एवढा खटाटोप एका पायसाठी करण्याऐवजी साहित्य दुप्पट घ्यावे आणि दुसरा पाय धातूच्या साच्यात, न भाजता आणि दूध न लावता, दोन वेळा घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावा. तो दोन महिने चांगला राहतो. भाजण्याआधी तो वितळू देऊ नये. तसाच गोठलेला, दूध लावून तापलेल्या ट्रेवर ठेवावा, पहिली वीस मिनिटे दोनशे अंशांवर आणि पुढची तीस मिनिटे १८० अंशांवर भाजावा, आणि झाकणाला रंग आल्याबरोबर वर फॉइल टाकावी.